अर्जदार या पत्त्यावर राहत नाही

पत्र एकोणिसावं
११ मार्च

प्रिय लिफ्टवाले साहेब,

मी आपल्या घरात राहत नाही. तुला माहीत होतं का? मला आज सकाळी अकरा वाजता कळलं, पासपोर्ट ऑफिसच्या सात नंबरच्या खिडकीवर.

खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. पोलीस चौकशीचा अहवाल: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. मी चक्क हसले. म्हटलं, मॅडम, दुसऱ्या कोणाची तरी फाईल उघडली आहे तुम्ही. त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. मीच होते. जन्मतारीख माझी, लग्नाच्या दाखल्याचा नंबर आपला, पत्ता आपला, मजला दुसरा.

मग त्यांनी खालचा कागद काढला. चोवीस फेब्रुवारीला हवालदार घरी येऊन गेला होता. मी तेव्हा लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीचे खालचे दात बसवत होते. घरी कोण होतं, तूच सांग. कागदावर लिहिलं आहे, "माझी सून इथे राहत नाही. दोन वर्षांपासून ती माहेरी असते. तिचं इथे येणं-जाणं नाही." खाली तुझ्या आईंची सही. अक्षर न् अक्षर सुटं, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. तशी सही जगात दुसरं कोणी करत नाही.

मी त्या बाईंना विचारलं, "मग मी राहते कुठे?" त्यांना वाटलं मी वाद घालते आहे. त्या म्हणाल्या, "ते तुम्ही आम्हाला सांगायचं." मागच्या माणसाने घसा खाकरला, तेव्हा कुठे मी बाजूला झाले. बाहेर बाकावर किती वेळ बसले ते आठवत नाही. पाण्याची बाटली खिडकीवरच विसरले.

आता हिशेब नीट ऐक. जुना पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतो, त्यावर तुझ्या तिकडचं ऑफिस व्हिसा देणार नाही. नव्या पासपोर्टची प्रत तीस एप्रिलपर्यंत पोचली नाही तर फाईल बंद. तू मला बायको म्हणून बोलावण्यासाठी स्पॉन्सर झालास, त्याला चौदा महिने झाले. त्या चौदा महिन्यांवर पाणी पडायला एक सही पुरली. फेरचौकशी मागता येते, पण बाई म्हणाल्या, "आधीचा जबाब चुकीचा होता असं ज्यांनी दिला त्यांनीच सांगायला हवं."

घरी जायचं धाडस होत नाही म्हणून लॅबमध्ये बसून लिहिते आहे. एजंटने सांगितलं म्हणून आपण महिन्याला एक पत्र हाताने लिहितो, टपालाच्या शिक्क्यासकट, म्हणजे आपलं नातं खरं आहे हे तिकडच्या साहेबाला पटतं. खरं सांगायचं तर आधीच्या अठरा पत्रांतली निम्मी मी त्या साहेबासाठीच लिहिली. तुझी आठवण येते हे वाक्य प्रत्येक पत्रात बरोबर दुसऱ्या परिच्छेदात असतं, बघ काढून. हे पत्र मात्र फायलीत लावू नकोस.

आईंनी असं का केलं असेल? तू काही बोलू नकोस त्यांना. आधी मी विचारते.

तुझी,
बेपत्ता बायको

~

पत्र विसावं
१३ मार्च

प्रिय,

विचारलं. नाकारतील असं वाटलं होतं. हवालदाराने काहीच्या बाही लिहून घेतलं, चष्मा नव्हता, असं काहीतरी. मी त्यासाठी तयारही होते, लगेच विश्वास ठेवणार होते. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "हो. मी सांगितलं तसं."

"का?"

"सांगितलं खरं."

बस्स. पुढे एक शब्द नाही. तुझी आई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिच्या तोंडून हवं तेवढंच निघतं हे मला माहीत आहे. अजूनही फोन उचलला की "कोण बोलतंय, कोण हवंय" असंच विचारतात, मी बाजारातून केला तरी. पण परवा मला ते सहन झालं नाही. दोन दिवस डोकं सुन्न आहे. सहा वर्षं एका घरात काढली आम्ही. तू गेल्यावरची तीन तर दोघीच. त्यांच्या मोतीबिंदूच्या दोन्ही ऑपरेशनला मी होते, थेंब मी घातले, दिवसातून सहा वेळा, घड्याळ लावून. आणि त्या परक्या माणसाला सांगतात, तिचं इथे येणं-जाणं नाही.

मी नको ते बोलले. तुला सांगते, कारण तुला कुठून तरी कळेलच. म्हटलं, "तुम्हाला एकटं राहायची भीती वाटते, म्हणून माझं वाटोळं केलंत." आणखी म्हटलं, "तुमचा मुलगा तुम्हाला कधीच नेणार नाहीये, फॉर्मवर त्याने तशी खूण केली आहे." हे मी बोलायला नको होतं. तो फॉर्म तू भरलास, मी फक्त तू पाठवलेली प्रत वाचली होती, आणि आईंना सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं.

त्यांनी भाजी उचलली आणि आत गेल्या. जेवायला वाढलं, पाणी दिलं, सगळं रोजच्यासारखं. मी अर्ध्या ताटावरून उठले.

तू रविवारी फोन करशील तेव्हा त्यांच्याशी बोल. तुझं ऐकतील. एकदा चौकीवर येऊन "चुकलं" एवढंच म्हणायचं आहे. फेरचौकशीचा अर्ज मी देऊन ठेवला आहे.

तुझी

~

पत्र एकविसावं
२२ मार्च

प्रिय,

आत्ताच तुझा फोन ठेवला. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "आई म्हातारी झाली आहे, तिच्यामागे लागू नकोस." बरं. मग म्हणालास, "नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करू." तू हे इतक्या सहज म्हणालास की मीसुद्धा "हो" म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. पुढच्या वर्षी? तुलाच ना रे घाई होती? तूच म्हणायचास ना, की रिकाम्या खोलीत कुलूप उघडून शिरायचा कंटाळा येतो? नऊ मिनिटं बोललो आपण. त्यात चार मिनिटं तू कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टचा दोर कसा बदलला ते सांगत होतास.

थकला असशील. रविवारी पण ड्युटी असते तुझी. मी उगाच शंका काढते आहे, माझं मन सध्या ठिकाणावर नाही.

लॅबमध्ये परवा काय झालं ऐक. आठ वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. एका बाईंच्या कवळीत मी डावीकडच्या दाढा उजवीकडे बसवल्या. मेणात होतं म्हणून निभावलं. मालकांनी साचा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, घरीच नाहीये मी, पोलिसांना विचारा. ते हसले नाहीत. मी पण नाही.

आई बोलत नाहीत म्हणजे अबोला धरलाय असं नाही. गॅस संपला, दूधवाला उद्या येणार नाही, हे सांगतात. पण दुपारी तुला फोन लावतात आणि दार लावून घेतात. त्यांनी आयुष्यात फोनवर बोलताना दार लावलं नाही. मी ऐकत नाही. त्यांनीच शिकवलंय, लाईन जोडून दिली की कान बाजूला करायचे. पण काल बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा होता की मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाल्या, "मला वाटलं होतं मी निरोप दिला." मला काही समजलं नाही.

एकोणचाळीस दिवस उरलेत.

तुझी

~

पत्र बाविसावं
२९ मार्च

काल दुपारचं लिहिते. तुला माहीत आहे, तू फोनच्या दुसऱ्या टोकाला होतास. तरी लिहिते. मला एकदा ते सगळं ओळीने मांडायचं आहे, नाहीतर माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

आईंनी मला समोर बसवलं. फोन टेबलावर ठेवला, तुझा नंबर लावला, स्पीकर चालू केला. तू "हं आई" म्हणालास. त्या म्हणाल्या, "ती इथे बसली आहे. मला जे सांगितलंस ते तिला सांग."

मागे कुठेतरी यंत्राची घरघर येत होती. मग तू म्हणालास, "आई, आत्ता नको." आणि फोन ठेवलास.

त्यांनी परत लावला. बंद.

तोपर्यंत मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. मला वाटत होतं तुम्हा माय-लेकांचं काही भांडण आहे आणि मला पंच नेमलंय. मग त्यांनी सांगितलं. अठरा फेब्रुवारीला, मी कामावर असताना, तू त्यांना फोन केलास. म्हणालास, पासपोर्टच्या चौकशीला माणूस येईल, त्याला सांग सून इथे राहत नाही, माहेरी असते. म्हणालास, इकडच्या नियमात तसं असलं की काम लवकर होतं. आणि तिला बोलू नकोस, ती घाबरते.

चौकशीला माणूस येणार हे तुला मीच सांगितलं होतं. आदल्या रविवारी. आनंदाने.

आईंनी विचारलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्याच कामाचं आहे. आयुष्यभर लोकांचे निरोप इकडून तिकडे दिले, मध्ये तोंड घातलं नाही. इकडून आलं, तिकडे दिलं. हवालदाराने लिहून घेतलं, मी सही केली." त्यांना खरा प्रकार कळला तो मी त्या दिवशी ओरडले तेव्हा. तेव्हापासून रोज दुपारी दार लावून तुला विनवत होत्या, की तूच सांग तिला, मी सांगणं बरं नाही. तू रोज उद्यावर ढकलत होतास. आणि पंधरा दिवस त्यांनी माझं सगळं बोलणं स्वतःच्या अंगावर घेतलं. वाटोळं केलंत म्हणाले मी त्यांना. त्यांनी मला गरम पोळी वाढली होती त्या दिवशी.

मी रडले नाही. उठून गॅलरीत गेले, वाळत घातलेले कपडे काढले, घड्या केल्या. तुझा एक जुना शर्ट आई घरात घालायला वापरतात, त्याचीही घडी केली.

रात्री तुझा मेसेज आला. आईंना वाचून दाखवला नाही. पण इथे उतरवते, म्हणजे तुलाही कागदावर बघायला मिळेल. "मला एकट्याची सवय झाली आहे. दुसरं कोणी नाही, शप्पथ. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. फाईल आपोआप बंद झाली असती तर कोणालाच वाईट वाटलं नसतं."

कोणालाच.

दुसरी कोणी असती तर निदान तिला शिव्या देता आल्या असत्या. तू तर माझा पासपोर्ट अडवलास. माझा. मी या देशातून बाहेर पडायचा कागद, तुझ्याकडे यायलाच नाही, कुठेही जायला. आणि अडवायला स्वतःच्या आईला उभं केलंस, खोट्या जबाबावर सही करायला, चष्मा पुसून, रेघ मारून, खाली दोन टिंबं देऊन. मी कालपासून एकच गोष्ट परत परत आठवते आहे. त्या रविवारी, चौकशी होणार म्हणून मी सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? "अरे वा, छान झालं."



~

पत्र तेविसावं
१७ एप्रिल

तुझे अकरा मिस्ड कॉल आहेत. उचलणार नाही. लिहायची सवय तुझ्या एजंटनेच लावली, आता लिहूनच.

फेरचौकशी झाली. मागचाच हवालदार आला. आईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तो वही उघडायच्या आत म्हणाल्या, "मागचा जबाब खोटा आहे. मी दिला होता."

तो जरा चपापला. म्हणाला, "आजी, असं म्हणू नका. खोटा जबाब म्हणजे प्रकरण होतं. आपण गैरसमजातून दिला असं लिहू."

"गैरसमज नव्हता. माहीत असून दिला."

"बरं, वयोमानामुळे असं टाकतो."

"माझं वय काढायचं नाही."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांना चौकीवर नेतील, कोर्ट-कचेरी होईल असं मनात येत होतं. एकाहत्तर वर्षांची बाई. मी पुढे होऊन म्हणणार होते की जाऊ द्या, नको मला पासपोर्ट. खरंच म्हणणार होते. आईंनी हाताने मला थांबवलं.

हवालदाराने विचारलं, "पण मग तसं सांगितलं का? कोणी सांगायला लावलं?"

आईंनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. तुझं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी विचारलं, "ते लिहायला जागा आहे का तुमच्या कागदात?"

त्याने कागद वरखाली बघितला. "तसा रकाना नाही."

"मग राहू द्या."

त्याने लिहिलं: जबाब देणारी स्वेच्छेने दुरुस्ती करत आहे, अर्जदार सहा वर्षं याच पत्त्यावर सलग राहते. समोरच्या काकूंची साक्षीदार म्हणून सही घेतली. आईंना म्हणाला, साहेब तुम्हाला एकदा बोलावतील, समज देतील, त्यापुढे काही होणार नाही बहुतेक. "बहुतेक" म्हणाला. बोलावणं मंगळवारी आलं. मी सोबत गेले होते. साहेबाने पाच मिनिटं ऐकवलं, आईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. ज्या बाईला मी कधी कोणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं, तिला त्या खुर्चीत तसं बसलेलं मी पाहिलं. हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "तू जायचं ठरवलंस तर मी अडवणार नाही. राहिलीस तर माझ्यासाठी राहू नकोस." जाईन की राहीन ते मला अजून माहीत नाही.

~

पत्र चोविसावं
२४ एप्रिल

पासपोर्ट आला. बुधवारी, टपालाने, याच पत्त्यावर. पोस्टमनने दारात ओळखपत्र मागितलं तेव्हा आईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "हीच ती." नवी वही आहे, पानं एकमेकांना चिकटलेली. दहा वर्षं चालेल.

कालच त्याची प्रत तुझ्या तिकडच्या ऑफिसला पाठवली. एजंटला मध्ये घेतलं नाही, माझ्या लॉगिनने मीच चढवली. तासाभरात पोच आली: कागदपत्रं पूर्ण, अर्जदाराकडून काहीही बाकी नाही. मुदतीच्या सात दिवस आधी. वाचून बघितली, दोनदा.

तुला धक्का बसेल, म्हणून सरळ सांगते. मला तिकडे यायचं नाही. आता तर अजिबात नाही. मग प्रत का पाठवली असं तू विचारशील. मी अर्ज मागे घेऊ शकले असते. मला तसा फॉर्म दिसला, एक पानाचा, त्यावर मी सही केली की संपलं. तू सुटला असतास. लोकांना सांगितलं असतंस, तीच आली नाही, मी काय करू. पत्रं फायलीत लावलेली आहेतच, तुझी आठवण येते, दुसरा परिच्छेद.

नाही. मी तो फॉर्म भरला नाही आणि भरणार नाही.

परवा मालकांनी विचारलं, सुट्टी हवी का चार दिवस? मी म्हटलं, नको. त्या बाईंची कवळी पूर्ण करून दिली, या वेळी दाढा जागेवर. त्या आरशात बघून म्हणाल्या, फार पांढरे झालेत का? म्हटलं, रोज जेवताना वापरा, रंग बसेल. घरी येऊन आईंना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. आम्ही दोघी महिनाभरात पहिल्यांदा हसलो. नंतर मला फार रडू आलं, पाण्याचा नळ सोडून रडले. हेही सांगते, उगाच मी फार धीराची आहे असं वाटायला नको तुला. तुझी आठवण येते. आता साहेबासाठी नाही लिहिलं. ज्याची येते तो माणूस आहे की नव्हताच, एवढंच कळत नाही.

आता कामाचं. फाईल पूर्ण असल्यामुळे ती आपोआप बंद होणार नाही. ऑफिस पुढच्या महिन्यात तुला पत्र पाठवेल, बायकोला बोलवायला तयार आहात ना म्हणून. व्हिसा द्यायचा की नाही ते ते ठरवतील, पण तुला मी नको असेन तर तसं म्हणायचं काम आता कोणत्याही तारखेवर, कोणत्याही हवालदारावर, आईंवर ढकलता येणार नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. स्पॉन्सरने स्पॉन्सरशिप मागे घेण्याचा. मी तो छापून या पाकिटात ठेवला आहे. माझं नाव, तुझं नाव, फाईलचा नंबर, लग्नाची तारीख, पत्ता, सगळं मी भरलं आहे, तुला त्रास नको म्हणून.

दोन जागा मोकळ्या आहेत. शेवटी सही. आणि तिच्यावर कारणाचा रकाना, तीन ओळींचा. तिथे ते छापील काही चालवत नाहीत, वर सूचना आहे, स्पॉन्सरने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावं.

लिही.